भरतीच्या वेळची हाक

आमच्या सोलापुरात त्या काळी नवराबायको रस्त्यानं निघाली की नवरा पुढं आणि बायको चार हात मागं, अशी रीत होती. नवी पेठेत बांगड्या भरायला जायचं असलं तरी हे पुढं, मी मागं. बरं, हे कधी वळून बघायचे नाहीत. माझी चप्पल तुटो, मी गर्दीत अडकून पडो, नाहीतर कुत्रं अंगावर येवो, ह्यांचा गुलाबी फेटा आपला डुलत पुढंच. बायकोकडं वळून बघणारा तो बाईलवेडा, असं लोक म्हणायचे, आणि ह्यांना लोकांचं लई वाटायचं. मी मागनं मनातल्या मनात शिव्या मोजत चालायची.

हाक मारावी तर नाव घ्यायची सोय नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे माझ्या आईनं लग्नाआधीच बार्शीत चुलीपुढं बसवून मला बजावलं होतं. लग्नात उखाण्यातनं घेतलं तेवढंच, तेही पुटपुटत. सासरे कधीच वारलेले, हे एकुलते एक. त्यामुळं घरात ह्यांना नावानं हाक मारणारं एकच तोंड होतं, ते सासूबाईंचं.

हे गिरणीत मागखात्यात होते. नव्या तऱ्हेचे माग शिकून यायला गिरणीनं त्यांना मुंबईला धाडायचं ठरवलं, तेव्हा सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हिला बी ने की. मी समिंदर न बघताच म्हातारी झाले. एकीला तरी बघू दे."

"लोक काय म्हणतील?" हे म्हणाले.

"लोकांना तितंच घालून ये समिंदरात!" त्यांनी काठवटीवर हात आपटला. झालं, ठरलं.

मुंबई बघून माझे डोळे फाटले. घोडा नाही, बैल नाही, आणि ट्रामगाडी घंटा वाजवत चाललीय! दिवे लागायच्या वेळेला रस्ता असा उजळायचा की आमच्या लग्नातसुद्धा एवढा उजेड नव्हता. एक पारशीण नवऱ्याच्या दंडात दंड अडकवून खुशाल हसत चालली होती. मी हळूच म्हणलं, "बघा की जरा." हे म्हणाले, "बघितलं. चल." आणि लागले चालायला, पुढं.

समुद्राकाठी ती नवी दगडी कमान उभी होती, तिथं माणसांचा नुसता पूर लोटलेला. फेटे तरी किती रंगांचे! आमचा गुलाबी त्यात कुठं गडप झाला कळेना. मी घाबरून ओरडले, "अवो!" तर आठ-दहा पुरुषांनी एकदम माना वळवल्या. आमचा तेवढा त्यात नव्हता. फिरून फिरून ते स्वतःच सापडले, तर वर माझ्यावरच डाफरले, "ओरडतीस काय गावंढळासारखी?"

"मग काय ताशा वाजवू?" मी म्हणलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते ह्यांना दिसू दिलं नाही.

शिकायचं काम उरकलं, आणि गिरणीतल्या एका ओळखीच्यानं सांगितलं, एवढे आलात तर अलिबाग बघून जा. निघालो आगबोटीनं. बोटीत ह्यांना अशी मळमळ सुटली की रुबाब सगळा पाण्यात. मी मात्र ठणठणीत, कठड्याला धरून वारा खात उभी. लिंबू पुढं करत म्हणलं, "चोखा. इथं लोक बघत न्हाईत." हे हसले नाहीत, पण लिंबू घेतलं.

रेवसला उतरून मोटारीनं अलिबाग गाठलं. दोन्ही अंगांना नारळी-पोफळी, मधनं तांबडा रस्ता, आणि एकदम समोर तो समुद्र, मुंबईच्या गर्दीत धड न दिसलेला, असा मोकळा! आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीचा तळ खरवडून घागर भरायची, आणि इथं नजर पुरेना एवढं पाणी, कुणी न भरता, कुणी न राखता. मला आधी हसू आलं आणि मग रडूच आलं. सासूबाईंची आठवण झाली.

पाणी तेव्हा लांब होतं. ओली वाळू पसरलेली, आणि पार पुढं काळे खडक. हे म्हणाले, "खडकावर जाऊन जहाजं बघतो," आणि धोतर सावरून निघाले. मी शिंपले वेचत मागं राहिले. आमच्या मनात काही शंका यायचं कारणच नव्हतं. सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात मागं सरलं की पुढच्या पावसापर्यंत मागंच राहतं. गेलेलं पाणी एका दुपारात परत येतं, हे आम्हा कोरड्या मुलखाच्या माणसांना कोण सांगणार?

खडकांकडनं एक कोळीण टोपली घेऊन लगबगीनं येत होती. म्हणाली, "गो बाय, तो तुजा दादला ना? हाक मार त्याला, भरती लागली!"

मी बघितलं. खडक आणि किनारा यांच्यामधल्या सखल वाळूत पाणी शिरलं होतं, आणि हे तिकडं तोंड करून जहाजं बघत उभे. मी जीव खाऊन ओरडले, "अवो! अवो!" वाऱ्यानं ते तोंडातच परत घातलं. ह्यांनी वळून बघायचं नाहीच.

"नाव काय त्याचं? मी हाक मारते," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आईची चूल डोळ्यांपुढं आली. आयुष्य कमी होतं.

"नाव सांग गो!"

"घेता येत न्हाई," मी म्हणलं.

"नाव घेतलंस तर मरल, आन् नाय घेतलंस तर वाचल काय?"

तेवढ्यात त्या सखल जागेत एक लाट आडवी धावली. मग मी नाव घेतलं. पोटातनं, नरडं फाटेस्तोवर, ते नाव त्या अख्ख्या समुद्रावर फेकलं. आणि हे गर्रकन वळले.

पाणी बघून धावले. मधे छातीपर्यंत बुडाले, फेटा सुटून वाहत गेला, एकदा तर डोकं दिसेना. कोळणीनं माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. शेवटी वाळूवर आले, आणि थरथरत पहिला शब्द काय, तर "आई कुठाय? आई हितं कशी आली?"

"आई न्हाई. मी हाक मारली."

"तू?"

"व्हय, मी! वळून बघायला काय धाड भरली होती तुमाला? बायकोचं तोंड बघितलं म्हणून कुणी मेलंय का?" मी रडत होते आणि भांडत होते. कोळीण हसत हसत निघून गेली. हे नुसतं बघत राहिले माझ्याकडं. मग हळू म्हणाले, "बरं झालं घेतलंस." परत जाताना बोडक्या डोक्यानं माझ्या बरोबरीनं चालले, थेट मोटारीपर्यंत.

सोलापूर जवळ येईल तसा मात्र माझा जीव टांगणीला लागला. दारातच सासूबाईंनी विचारलं, "फेटा कुटं हाय रं?" आणि ह्या सरळ माणसानं सगळंच सांगून टाकलं, नावासकट.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पदर घट्ट धरून उभी. मग त्या म्हणाल्या, "माझ्यामागं ह्याला नावानं हाक मारणारं कुणी उरायचं न्हाई, ह्याचा मला लई घोर होता. मिटला बाई." आणि ताटं घ्यायला आत गेल्या.

सासूबाई वारल्या त्या पुष्कळ वर्षांनी. त्यांचं दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि हे अंगणात पाठमोरे बसले ते उठेचनात. अवो, जेवायला चला, असं मी दोनदा म्हणलं. मान हलली नाही. तेव्हा उंबऱ्यात उभी राहून मी त्यांना नावानं हाक मारली.

त्यांनी वळून बघितलं. "आलो," म्हणाले.