रकान्यावरचा शब्द

सिल्लोड रस्त्यालगतच्या, आमच्या पाटबंधारे खात्याच्या तलावाकाठी पत्र्याचं एक पसरट पात्र आहे. रोज सकाळी साडेआठला आमचे कर्मचारी पुंडलिक मापाच्या भांड्यानं ते खुणेपर्यंत भरायचे. जितकं पाणी घालावं लागलं, तितकं कालपासून उडालं. तो आकडा नोंदवहीत चढवायचा. एकवीस वर्षं हेच काम, छावणी भागातल्या घरून सायकलवर येऊन.

महिन्याला एक पान. पानाच्या माथ्यावर सुबक अक्षरांत शब्द: बाष्पीभवन. खाली आकडे वाकडेतिकडे. मी त्यांची वरिष्ठ, त्यात तिरसट, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "पुंडलिकराव, वर मोती आणि खाली कोंबडीचे पाय?" ते नुसते हसले.

गेल्या जूनमध्ये त्यांची बायको गीताबाई कर्करोगानं गेली. चौथ्या दिवशी पुंडलिक कामावर हजर. मी चार शब्द बोलायला हवे होते, बोलले नाही.

एप्रिलअखेर ते निवृत्त होणार होते. एक एप्रिलला नऊ वाजून गेले तरी ऑफिसात आकडा आला नाही, म्हणून मी तणतणत तलावावर गेले. पात्र तसंच. पुंडलिक कोऱ्या पानासमोर बसलेले.

"मॅडम, आता नोकरी गेली तरी जाऊ द्या," ते म्हणाले. "हा शब्द मला लिहिता येत नाय. दुसरीतून शाळा सुटली माझी. गीता सातवी शिकलेली. वाळत घातलेल्या लुगड्यातलं पाणी उडतं ना, तेच हे, असं तिनंच समजावलं. दर महिन्याला वही घरी न्यायचो, ती लिहून द्यायची."

"अहो, पण त्यांना जाऊन..."

"दुखणं कळलं तवा पुढची सगळी पानं तिनं लिहून ठिवली. मी रिटायर व्हईपर्यंतची. मोजताना एक महिना चुकली."

मी पानं उलटली. पुढं पुढं अक्षर थरथरत गेलं होतं. मार्चच्या पानावरचा 'भ' तिनं दोनदा गिरवला होता. मला माझीच लाज वाटली. मी पेन काढलं.

"नाय मॅडम. आजचं मीच लिहितो."

मार्चचं पान बघत, एकेक रेघ ओढत, त्यांनी शब्द लिहिला. पाव तास लागला. मी उभीच होते, डोळे पुसत. मग त्यांनी वही जरा लांब धरली आणि मार्चच्या पानाला विचारलं, "बरा आलाय का गं?"