इंग्लिश व्हिलेजमधलं कोपऱ्यावरचं घर

तोक्योत चार मराठी माणसं भेटली की आधी थोडं हवेवर बोलून होतं, आणि मग जो घराचा विषय निघतो तो शेवटची ट्रेन चुकेपर्यंत! कुणी घर घेतलं, कुणी बघितलं, कुणी बघून नावं ठेवली. किस्से इतके साठलेत की आमच्या ओजिमाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मावत नाहीत. तसं त्या फ्लॅटमध्ये काहीच मावत नाही म्हणा! इस्त्रीचं टेबल उघडलं की बाथरूमचं दार उघडत नाही.

आधीच सांगून टाकते, मी जळते. उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. आमच्या ग्रुपमधल्या प्राजक्ता-निखिलने इचिकावाच्या पार टोकाला घर घेतलं, तेव्हापासून मला घर हवंय आणि तिथंच हवंय. बिल्डरने त्या अख्ख्या गल्लीचं नाव ठेवलंय 'इंग्लिश व्हिलेज'. विटांच्या भिंती, पांढरं कुंपण, गुलाबाच्या कमानी. माझा नवरा मंदार म्हणतो, "दोन वर्षांत परत जायचंय, घर कशाला?" हे तो आमची इरा पोटात होती तेव्हापासून म्हणतोय. इरा आता चौथीत आहे आणि रुसली की जपानीत रुसते.

*

प्राजक्ताच्या घरावर विटांचं एक ऐटदार धुराडं आहे. तिचे सासरे, अण्णा, पुण्याहून आले, त्यांनी अंगणात उभं राहून चष्मा वर केला.

"यातून धूर कशाचा येतो रे?"

"येत नाही अण्णा," निखिल म्हणाला. "शोभेचं आहे. आतून नुसतं पोकळ."

"अस्सं! म्हणजे आपल्या सोसायटीच्या चेअरमनसारखं!"

सगळे हसले, मीही हसले. पण मनात म्हटलं, पोकळ का असेना, स्वतःचं आहे. आमच्या डोक्यावर दुसऱ्यांचे मजले आहेत.

*

नव्या घरात गेलं की शेजाऱ्यांकडे काहीतरी छोटीशी भेट घेऊन जायची इथे पद्धत आहे. टॉवेल, साबण, एवढंच. प्राजक्ताने शेजारच्या तानाकासानना बेसनाचे लाडू नेले. आता, भेट मिळाली की परतभेट द्यायची ही जपानी रीत. तानाकासाननी सुंदरशा लाकडी डब्यात बिस्किटं पाठवली. आणि कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आपली रीत! प्राजक्ताने त्यात चकल्या भरल्या. तिकडून टोपलीभर संत्री आली. इकडून टोपलीतून शंकरपाळे गेले.

महिनोन्‌महिने हे चाललं. निखिलचं पोट सुटलं. तिकडे तानाकासानच्या मिस्टरांना डॉक्टरांनी गोड बंद केलं.

"अगं, थांबव की आता!" मी म्हटलं.

"मी कशी थांबवू? रिकामी टोपली देऊ? माझ्या आईला कळलं तर!"

शेवटी एक दिवस तानाकासान फाटकाशी आल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "आम्ही काही दिवस गावाला जातोय." चेहऱ्यावर सुटकेचा आनंद मावत नव्हता बिचारीच्या.

प्राजक्ता म्हणाली, "थांबा हं, प्रवासाला दशम्या करून देते!"

आमचे ओजिमाचे शेजारी लिफ्टमध्ये मान हलवतात. ती काय ती आमची देवाणघेवाण!

*

उरायासुचे शिरीष-वैशालीही घराच्या शोधात. शिरीष आयटीत आहे, पण पक्का वास्तुशास्त्रवाला. एजंटने एक घर दाखवलं आणि आधीच माफी मागितली. दार उत्तरेला आहे, इथे सगळ्यांना दक्षिणेचं ऊन हवं असतं म्हणून. शिरीषने त्याला मिठी मारायचंच बाकी ठेवलं!

मग आत जाऊन शिरीष ईशान्य कोपऱ्यात उभा राहिला. "इथे देव बसवणार!"

एजंट चपापला. त्यांच्यात ईशान्य म्हणजे राक्षसांची यायची वाट. तिथे शक्यतो काही ठेवत नाहीत, असं त्याने भीत भीत सांगितलं. फिरायला म्हणून आमच्यासोबत आलेले अण्णा मात्र लगेच म्हणाले,

"मग बरोबरच आहे की! वाटेवर वॉचमन नको?"

ते घर वैशालीने नापास केलं. ओट्यावर पोळपाट ठेवला की शेगडी दिसेनाशी होते म्हणे. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी शिरा केला!

*

इराच्या शाळेत 'माझं घर' असं चित्र काढायला सांगितलं. तिने काढलं पांढरं कुंपण, गुलाबाची कमान, धुराडं. खाली स्वतःचं नाव.

"अगं, हे तर प्राजक्तामावशीचं घर!"

तिने जपानीतच उत्तर दिलं. आपलं घर काढलं तर नुसत्या खिडक्याच काढाव्या लागतात, आणि त्यातली आपली कोणती ते तिलाच ओळखता येत नाही म्हणे.

मंदार मोजे वाळत घालत होता. रात्री जेवताना म्हणाला, "त्या व्हिलेजमध्ये अजून काही शिल्लक आहे का, विचार जरा."

शिल्लक होतं! कोपऱ्यावरचं शेवटचं घर, आणि त्याला चक्क बाग!

*

त्या घरासाठी गिऱ्हाइकं इतकी, की बिल्डरने सोडत ठेवली. आम्ही कुणालाही सांगितलं नाही. दृष्ट लागते! रविवारी ग्रुपवर टाकलं, 'इराच्या दाताचं बघायला जातोय.' प्राजक्ताने लिहिलं, 'आम्ही अण्णांना देवळात नेतोय.' वैशालीने लिहिलं, 'शिरीषला ताप आहे.'

हॉलमध्ये शिरलो. दुसऱ्या रांगेत ताप आलेला शिरीष आणि वैशाली. त्याच्या मागे अण्णा, निखिल आणि प्राजक्ता.

"तुला तर घर आहे!" मी तिच्यावर ओरडलेच.

"आहे, पण बाग कुठाय? कुंडीत कोथिंबीर लावते मी!"

पहिला नंबर एका जपानी जोडप्याचा लागला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग राखीव नंबर काढला. पहिल्यांनी घर नाकारलं तर ते राखीव नंबरवाल्यांचं. तो नंबर आमचा होता. मी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये सरकवली.

"तुमचा कितवा होता गं?" प्राजक्ताने विचारलं.

"गेला की," मी म्हटलं.

"म्हणजे आपल्यापैकी कुणालाच नाही ना?" वैशाली म्हणाली. "चला, बरं झालं!" मग तिची तीच ओशाळली. पण बाहेर पडताना सगळेच कसे अगदी प्रेमात आले होते! प्राजक्ताने पुढच्या रविवारी सगळ्यांना जेवायलाच बोलावलं.

रविवारी तिच्याकडे पानं वाढली होती. आमटीचा पहिला भुरका मारला, तेवढ्यात मंदारचा फोन वाजला. तो उठून खिडकीशी गेला. "हाय," म्हणाला, म्हणजे जपानीतलं 'हो'. मग नुसतंच ऐकत राहिला. मग भिंतीकडे तोंड करून फोनलाच वाकून नमस्कार करायला लागला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर पार कमरेत!

परत आला तेव्हा त्याचे कान लालभडक झाले होते. कुणी जेवत नव्हतं. प्राजक्ताचा पळीचा हात तसाच वर राहिला होता.

"कोण रे?"

"राँग नंबर," मंदार म्हणाला. "आमटी वाढ गं थोडी."