चुन्याची निवळी आणि दादाचं पोवळं

आमचे वडील आमटीत भाकरी स्वतः कुस्करत नसत. आई कुस्करून द्यायची आणि ते चमच्यानं खायचे. शेजाऱ्यांना तो थाट वाटायचा. खरं कारण असं, की दिवसभर चुना कालवून त्यांची बोटं फुटलेली असत आणि आमटीतलं मीठ भेगांत झोंबायचं. गणपती ते दिवाळी घरांना चुना द्यायचं काम, उरलेलं वर्ष मिळेल ते. एका दिवाळीच्या तोंडावर ते शिडीवरून पडले, कंबर गेली, आणि माझा थोरला भाऊ बबन नववीतून उठून त्यांचा कुंचा घेऊन कामावर गेला. मी तेव्हा चौथीत. पुढे मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. आज लोणी काळभोरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. हे मी ताठ मानेनं सांगते, कारण ती पदवी फुटलेल्या बोटांनी मिळवून दिली आहे. बबनदादाला जाऊन सहा आठवडे झाले. भेटायला येणाऱ्या बहुतेकांनी हळहळून झाल्यावर एकच विचारलं, "आणि त्या टाकीचं आता काय?" विचारण्याची तऱ्हा अशी, की जणू माणसानं मागे काही व्यसन ठेवलंय... म्हणून लिहायला बसले.

टाकी दादाला मिळाली डेक्कनच्या एका बंगल्यात. मालक मुलाकडे परदेशी निघाले होते, घर विकण्याआधी रंगकाम काढलं होतं. दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी, खाऱ्या पाण्याची; आत खडक, दोन छोटे नारिंगी पट्ट्यांचे मासे आणि एक दातवाला मोठा, ट्रिगर जातीचा. आठ दिवस दादा भिंतीपेक्षा तिकडेच जास्त बघत होता. शेवटी मालक म्हणाले, "बबनराव, घेऊन जाता का? सांभाळाल असं वाटतं." कोऱ्या बादल्यांतून पाणी आणि मासे, हातगाडीवरून काच, अशी ती वरात कसबा पेठेतल्या तळमजल्यावरच्या खोलीत आली. वहिनी दारात उभी होती.

"पलंग कुठे ठेवायचा?"

"काढू."

पलंग निघाला तो निघालाच. मोठ्या माशाचं नाव दादानं मुकादम ठेवलं, कारण तो दिवसभर टाकीभर फिरून प्रत्येक दगड तपासायचा आणि कुणी हात घातला की चावायचा. दादा खाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घाली. मी विचारलं, "झोंबत नाही का रे?" "झोंबतं." "मग हातमोजे घाल ना." तो म्हणाला, "वडलांनी चमचा घेतला. मी नाही घेणार."

कित्येक वर्षं ती टाकी नुसती माशांचीच राहिली. मग माशांचं खाद्य आणायला गेलेल्या दादाला दुकानदारानं कोपऱ्यातली एक टाकी दाखवली. तिच्यात मासे कमी, पोवळी जास्त. जिवंत पोवळं, इवल्या तोंडांनी उघडमीट करणारं. दादा तासभर उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या टाकीत हे करायचंय. दुकानदार पक्का पुणेरी. चष्म्यावरून बघत म्हणाला, "बबनराव, पोवळं म्हणजे भिंत नव्हे. दोन हात मारले आणि झालं, असं नसतं."

दादा म्हणाला, "भिंतीलासुद्धा दोन हात पुरत नाहीत. तिसरा लागतो."

आपल्या समुद्रातलं पोवळं तोडायला कायद्यानं बंदी आहे. दादानं तसला चोरून आणलेला तुकडा घरात येऊ दिला नाही. परवान्यानं बाहेरून आलेलं पोवळं घरच्या टाकीत वाढवणारे एक गृहस्थ त्याला भेटले. त्यांनी नखाएवढा तुकडा दिला. तिसऱ्या दिवशी तो पांढरा पडला. दादानं दिवे बदलले, नळाचं पाणी बंद करून गाळलेलं घेतलं, त्यात मीठ मोजून घातलं. दुसरा तुकडा चौथ्या दिवशी गेला. दुकानदार म्हणाला, "मासेच बरे. माणसानं झेपेल ते करावं." झेपेल ते... हे वाक्य आमच्या घरानं फार ऐकलंय. मी कॉलेजला निघाले तेव्हाही ऐकलं होतं.

दुसरा तुकडा गेल्यानंतरच्या रविवारी मी दादाला विचारलं, "या टाकीत कधी औषध घातलं होतंस का?"

"औषध नाही. मागे माशांना पांढरे ठिपके आले होते, तेव्हा मोरचूद टाकलं होतं. चिमूटभर. दोन-तीनदा. बरे झाले की."

चुना भिंतीला धरावा म्हणून त्यात सरस घालतात, त्याला कीड लागू नये म्हणून आमच्या धंद्यात चिमूटभर मोरचूद टाकायची रीत आहे. तीच रीत त्यानं माशांना लावली होती. मासे खरोखर बरे झाले होते. पण मोरचूद म्हणजे तांबं, आणि माशाला सोसणारं तांबं पोवळ्याला विष असतं. मी पाणी आमच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. तांबं निघालं. घरी येऊन सांगितलं, पाणी बदलून भागणार नाही, ते त्या खडकांत आणि वाळूत मुरलंय. मला वाटलं आता हा सोडून देईल. त्यानं बाही सारून टाकीतला एक दगड बाहेर काढला. मग म्हणाला, "भिंतीत ओल मुरली की वरून रंग देऊन उपयोग नसतो. गिलावा खरवडायचा."

त्यानं सगळं खरवडलं. खडक, वाळू, पाणी, सगळं बाहेर. काच धुऊन पुन्हा धुतली. दोन्ही छोटे मासे वेगळ्या टाकीत ठेवले. मुकादमला मात्र जावं लागलं, कारण त्यानं पोवळ्याला दात लावल्याशिवाय राहणं शक्य नव्हतं. एका ओळखीच्या माणसाच्या मोठ्या टाकीत दादा त्याला स्वतः सोडून आला. परत आला तेव्हा अंगठ्याला फडकं होतं. "जाताना चावला," म्हणाला. पुढचे कित्येक महिने खोलीत नवे दगड आणि खारं पाणी, एवढंच. येणारे विचारायचे, "यात आहे काय?" दादा म्हणायचा, "मुरतंय." कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "समुद्र कधी पाहिलायस का रे?" "रोज बघतो."

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जायची आणि टाकीचा पंप बंद पडायचा. पाणी हललं नाही तर टाकीतला जीव गुदमरतो, म्हणून गुरुवारी दादा काम घेत नसे. प्लॅस्टिकच्या मगानं पाणी उचलायचं, वरून ओतायचं, वीज येईपर्यंत. गिऱ्हाइकांना वाटायचं बबन गुरुवार करतो. एका बाईंनी तर त्याला उपासाची खिचडी दिली. त्यानं ती खाल्ली.

तिसरा तुकडा जगला, पण वाढेना. पोवळ्याला हाड बांधायला चुना लागतो, त्यासाठी परदेशी पुड्या मिळायच्या. एक पुडी मी हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं आणि हसायलाच लागले. "दादा, हा आपला चुना आहे. शुद्ध केलेला. याची निवळी करून थेंब थेंब सोडायची."

त्यानं पुडी माझ्या हातातून घेतली, उघडून चिमटीत धरली, वास घेतला. मग म्हणाला, "मंगे, एवढं शिकलीस आणि हे आत्ता सांगतेस?"

भिंतीचा चुना त्यात चालत नाही, शुद्ध लागतो, तो मी आणून द्यायचे. बाकी त्याला काही शिकवावं लागलं नाही. संध्याकाळी ढवळायचं, झाकायचं, सकाळपर्यंत हात लावायचा नाही. खालचा गाळ हलू न देता वरचं नितळ पाणी काढायचं आणि सलाइनच्या नळीतून टाकीत सोडायचं. दोन महिन्यांत पोवळ्याला पांढरी कड आली. दादानं काचेवर बाहेरून पेन्सिलीनं रेघ मारली. कड रेघेपुढे गेली की नवी रेघ. दुकानदार एकदा स्वतः बघायला आला, बराच वेळ वाकून बघत राहिला आणि जाताना म्हणाला, "बबनराव, एक तुकडा देता का?" दादानं दिला. दादा आता जुना टोमणा परत करेल म्हणून मी वाट बघत होते. त्यानं मारला नाही.

इतक्या वर्षांच्या चुन्यानं, रंगानं दादाची छाती पोखरली होती. डॉक्टरांनी भुकटीजवळ जायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हापासून वहिनी ढवळायची आणि हा लांबून सूचना करायचा. शेवटची भेट दवाखान्यात. सलाइन लावलेलं. नळीकडे डोळ्यांनी खूण करून म्हणाला, "मंगे, माझीपण निवळी चालू आहे." मग दम घेऊन, "घरची सोडली का?" मी म्हटलं, वहिनीनं सकाळीच सोडली. "गाळ?" "हलला नाही." त्यानं डोळे मिटले...

दिवस झाल्यावर एक चुलते वहिनीला समजावत होते, टाकी कुणाला तरी देऊन टाक, आता कोण करणार? वहिनी चहाचे कप उचलत होती. "मी," म्हणाली, आणि कप घेऊन आत गेली.

काल गुरुवार होता. मी रजा टाकून गेले. आम्ही दोघींनी आळीपाळीनं मगानं पाणी ओतलं. माझ्या बोटाला कापलेलं होतं, ते झोंबलं. वीज येऊन पंप सुरू झाला, हात मोकळे झाले, तेव्हा काचेवरच्या रेघा मोजल्या. अकरा. अकरावी दादानं दवाखान्यात जाण्याआधी, वहिनीच्या खांद्याला धरून मारलेली, जराशी वाकडी. पोवळं आता त्या रेघेच्या पुढे गव्हाच्या दाण्याएवढं गेलं आहे.