काकांचं चॅनल आणि टाकीचं पाणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका देशाच्या काळजीनं पोखरलेला माणूस अख्ख्या थेरगावात सापडणार नाही. कंपनीतून निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या टाकीचा कॉक फिरवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं आणि त्याच हौसेनं मोबाइलवर चॅनलही काढलं. रोज सकाळी गॅलरीत, मागे धुतलेली चादर टांगून, "बाहेरून आलेल्यांना हाकला!" असं गरजायचे. स्वतः बीडकडून आलेले. तो विषय काढला की म्हणायचे, "म्या आलो तवा जागा होती, राव!" भाषणाच्या अगदी शेवटी पाणी कधी सुटणार ते सांगत, म्हणून सगळी सोसायटी त्यांची श्रोता. काकांना तो आपल्या विचारांना पाठिंबा वाटे. मी हिशेबी माणूस, चौकशी केली. बहुतेक जण शेवटचं अर्धं मिनिटच ऐकत होते. एरवी माणूस लोण्याचा. माझी आई आजारी असताना पाण्याच्या बादल्या त्यांनीच वर आणून दिल्या.

दुसऱ्या मजल्यावर बिहारचं एक कुटुंब भाड्यानं राहतं. पाण्यासाठी तेही ऐकत. एके दिवशी त्या घरातला बाप, चाकणला कामाला जाणारा, मला म्हणाला, "भाऊ, मुलगी विचारते, काका आपल्याला हाकलणार म्हणजे कुठे पाठवणार? ती खेळायला खाली जात नाही आता. आम्ही घर बदलतो."

मी काकांना समजावलं. ऐकेनात. मग चॅनल ज्या अ‍ॅपवर होतं त्या कंपनीकडे तक्रार केली, आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलंही. चॅनल बंद झालं तशी काका दारात हजर.

"माझा आवाज दाबलास व्हय? मत मांडायचा हक्क हाय मला!"

"आवाज तुमचाच आहे, काका. फक्त माइक गेलाय. मत मला सांगा, मी उत्तर देतो. चहा ठेवू?"

चहा घेतला आणि कप ठेवून वर निघून गेले.

पाण्याचा निरोप द्यायला आता त्यांना दारोदार फिरावं लागतं. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल वाजवली तेव्हा मी जिन्यातच होतो, जीव मुठीत धरून. दार नेमकं मुलीनं उघडलं. भाषणाआधी घेत तसा काकांनी छाती भरून श्वास घेतला.

"पाणी आलंय, बाळा. आईला सांग."

एवढंच.

ते कुटुंब अजून इथंच आहे. काकांचं मत बदललं का, ते मला माहीत नाही. सकाळी गॅलरी गप्प असते, चादर तेवढी टांगलेली दिसते. बेल वाजली की मी चहाचा कप घेऊनच दार उघडतो. "अजून खालचे मजले राहिलेत, राव," म्हणत ते उभ्या उभ्याच पितात.