परस वर येईल

आत्याला परसात जायचे असेल तर तिला उचलावे लागे, आणि उचलणारा घरात एकच होता, तिचा धाकटा भाऊ. दिवसभर तो गॅसचे सिलिंडर खांद्यावरून लोकांच्या मजल्यांवर चढवी. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुऊन बहिणीला उचली, मागच्या दाराच्या चार पायऱ्या उतरे आणि तिला भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीत बसवी. "तू म्हणजे काय, अर्धी टाकी," तो म्हणे. शेजारपाजारचे कौतुकाने बघत. असा भाऊ मिळायला भाग्य लागते, हे आत्याने इतक्या तोंडांतून ऐकले होते की ते वाक्य सुरू झाले की ती सुईत दोरा ओवायला घेई.

लहानपणीच्या तापाने तिचे पाय गेले होते. हातांनी मात्र आसपासच्या सगळ्या शिंप्यांना बांधून ठेवले होते. शर्टांची काजे करावीत तर तिनेच. घरात ती चाकांच्या खुर्चीतून कोणाच्याही मदतीशिवाय फिरे. भाचीने तिला आत्या म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीने तेच नाव उचलले. स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारापर्यंत आत्याचे राज्य होते. उंबरठ्यावर ते संपे. पलीकडे, चार पायऱ्या खाली, तण माजलेले, फुटक्या टाकीने अडवलेले परस होते.

बाहेर जाता येत नाही, अशी तिची तक्रार नव्हती. आत येता येत नाही, ही होती. एकदा बसवले की कोणी उचलीपर्यंत तिथेच. ऊन डोळ्यांवर आले की हाक मारायची, तहान लागली की हाक मारायची, मोरीवर जायचे तरी हाक मारायची. आणि हाक मारणाऱ्याला आधी समोरच्याच्या हातात काय काम आहे ते बघावे लागते. प्रेमाने केलेली मदतही माणसाला मिंधे करते, कारण तिची वेळ देणारा ठरवतो. हे आत्याने कधी शब्दांत मांडले नाही. तिने गवंड्याला बोलावले.

गवंडी शेजारच्या घराचे काम करत होता. त्याने पायऱ्या पाहिल्या, परसाची लांबी पाहिली आणि मान हलवली. पायऱ्यांच्या जागी उतार बांधायचा तर जागा पुरणार नव्हती. बांधलाच तर खुर्ची सुटेल ती थेट मागच्या भिंतीवर.

"मी खाली जाऊ शकत नाही ना?" आत्या म्हणाली. "मग परस वर येईल."

गवंडी हसला. मग त्याचे हसू ओसरले आणि तो भिंतींकडे निरखून पाहू लागला. भिंती जाड होत्या, भराव पेलण्याजोग्या.

त्या रात्री जेवताना तिने भावाला सांगितले. त्याने आधी चेष्टा केली, मग खर्चाचे विचारले, आणि शेवटी ज्या वाक्यावर आजवर प्रत्येक बोलणे संपले होते ते म्हटले, "ताई, मी आहे ना."

"तू आहेस, हीच तर पंचाईत आहे."

त्याचा घास हातातच राहिला. परस सगळ्या घराचे आहे, त्याचे कोणी एकट्याने ठरवायचे नसते, असे काहीसे तो म्हणू लागला. आत्याने त्याला पुरते बोलू दिले.

"वडिलांच्या घरात माझा हिस्सा आहे," ती म्हणाली. "आजवर मागितला नाही, आता मागते. खोल्या तुझ्या, माळा तुझा, पुढचा व्हरांडा तुझा. परस माझं."

भांडी विसळणाऱ्या भावजयीचा हात थांबला. बहिणीने हिस्सा मागणे म्हणजे काय, हे घरात कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

"हे तुला कोणी शिकवलं?" भावाने विचारले.

"शिकायला मी बाहेर जाते कुठे?"

तो ताटावरून उठला. नाही मात्र म्हणाला नाही.

घराची डागडुजी करणारे लोक राडारोडा टाकायला टेम्पोवाल्याला पैसे देतात, हे आत्याला ठाऊक होते. तिने शिंप्यांकरवी आणि गवंड्याकरवी निरोप धाडला: मागच्या बोळातून, आमच्या भिंतीवरून टाका, फुकट. फुकट हा शब्द वाऱ्यावर जातो. विटा आल्या, तशी चिंध्या झालेली गादीही आली, ओला कचरा आला, आणि एके सकाळी मधोमध एक फुटका कमोड विराजमान झालेला दिसला.

"वन्सं," भावजयीने गंभीरपणे विचारले, "हा बसायला ठेवायचा की बघायला?"

"फोडून भरायला."

त्या दिवसापासून आत्या शिंप्याची लाकडी पट्टी मांडीवर घेऊन मागच्या दारात बसू लागली. वीट चालेल, सिमेंटचे ढेकूळ चालेल. लाकूड, कापड, माती नाही. जे कुजते ते खचते. फुकट घेते आणि वर पारखून घेते, म्हणून एक टेम्पोवाला पुटपुटला, तर तिने त्याचा भरलेला टेम्पो तसाच परत पाठवला. सुटीच्या दिवशी गवंडी येई आणि थरावर थर धुमसाने चोपून बसवी. त्याची मजुरी आणि वर पसरायला मुरूम, एवढाच खर्च. तो काजांतून निघाला. गल्लीत म्हणू लागले, आत्याबाई डोंगर बांधतायत.

चूक तिचीच झाली. भिंतीला ओल लागू नये म्हणून घरालगत हातभर चर मोकळी सोडायला गवंड्याने बजावले होते. पण भराव उंबरठ्याला टेकलेला पाहण्याची तिला घाई झाली आणि एका गड्याला सांगून तिने तो भिंतीपर्यंत भरून घेतला. काही दिवसांत स्वयंपाकघराची भिंत ओल धरू लागली. भावाने त्या डागावर तळवा ठेवला. तो रागावला नाही.

"ताई, तुझ्या हट्टापायी भिंत जाईल. आता पुरे."

त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि अवघड होते ते हेच. गवंडी दुसऱ्या कामावर लांब गेला होता. चूक कबूल करायची म्हणजे बेत सोडायचा, असे घराला वाटत होते. आत्याला तसे वाटत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती खुर्चीतून उंबरठ्यावर उतरली, उंबरठ्यावरून भरावावर, आणि गोणपाटावर बसून खुरप्याने भिंतीलगतचा राडारोडा उपसू लागली. एक वीत उपसायची, हातांच्या जोरावर मागे सरकायचे, पुन्हा उपसायचे. खिडक्या उघडल्या. भावाला कोणीतरी सांगितले असावे. तो सिलिंडरांची गाडी तशीच टाकून आला आणि बोळातल्या भिंतीवरून उडी मारून तिच्यासमोर उभा राहिला.

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत. इतकी वर्षं तू उचलून नेताना बघतच होते की."

तो दोन्ही हात पुढे करून वाकला. तिने खुरपे आडवे धरले. "उचललंस तर परत इथेच येऊन बसेन."

तो तसाच निघून गेला. तेवढ्यात भावजय बाहेर आली आणि भरलेल्या पाट्या उचलून पलीकडे ओतू लागली.

चर पुरी झाली. गवंड्याने परतल्यावर तिच्यावर लोखंडी जाळी बसवली, आणि वर फरशीच्या दुकानातून आणलेले रंगीबेरंगी तुकडे जुळवले. रंग एकमेकांशी भांडत होते; पातळी मात्र एक होती. भिंत हळूहळू वाळली.

मग एका सकाळी भाऊ उठला तर ताईचे अंथरूण रिकामे होते. त्याने मोरी पाहिली, व्हरांडा पाहिला, बायकोला हाका मारल्या. आत्या परसात कोवळ्या उन्हात काजे करत बसली होती. भीती उतरल्यावर त्याला राग आला. सांगून जायला काय होते, किती धसका घेतला मी, असे तो बरेच काही बोलला.

"तू कामावर जाताना मला विचारून जातोस?" तिने विचारले.

तो चहा न घेता गेला. भावजयीने कप झाकून ठेवला, मग ओतून दिला. आत्याला दिवसभर वाईट वाटत राहिले. पण वाईट वाटले म्हणून तिने खुर्ची आत नेली नाही. तहान लागली तेव्हा ती आत गेली, पाणी प्यायली आणि पुन्हा बाहेर आली.

संध्याकाळी त्याने हातपाय धुतले. सवयीने मागच्या दाराशी आला, आणि मोकळे हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने चौकट धरली.

"ताई, येऊ का?"

हातातले काज पुरे होईपर्यंत तिने त्याला तिथेच उभे ठेवले.