विहीणबाईंचा शेवटचा भाग

सोलापूर शहरात आजवर जेवढे राक्षस मेले, ते सगळेच्या सगळे आमच्या विहीणबाईंनी मारले आहेत, आणि तेही दवाखाना सांभाळून. हे मी अभिमानाने सांगतो आहे की तक्रार म्हणून, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. व्यवसायाने दातांच्या डॉक्टर. दवाखान्याबाहेरची पाटी दातांचीच आहे, पण त्या पाटीखालून आत गेलेल्या माणसाची दाढ निघेपर्यंत त्याला किल्ल्याच्या खंदकाखाली काय दडलं आहे आणि बंद पडलेल्या गिरणीच्या चिमणीत कोण राहतं, याची साग्रसंगीत माहिती झालेली असते. कारण विहीणबाई कुमारवयीन मुलांसाठी अद्भुत कादंबऱ्यांची मालिका लिहितात. मालिकेची नायिका सई. सई कॉलेजात जाते, स्कूटी चालवते आणि तिला कायमच्या बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा ऐकू येतो. इतर कुणाला येत नाही. भोंगा झाला की तिच्यापुढे दुसरं सोलापूर उघडतं, आणि त्या सोलापुरातून आपल्या सोलापुरावर चाल करून येतो फुफाट्या. फुफाट्या हा धुळीचा राक्षस. आमच्या गावात एप्रिल-मे काढलेल्या माणसाला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

माझी त्यांची पहिली भेट मुलीच्या लग्नाच्या बोलणीत झाली. मी पोस्टातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि मुलाकडची मंडळी काय काय विचारतील याची उत्तरं पाठ करून बसलो होतो. विहीणबाईंनी पोहे घेतले, चहा घेतला, माझ्या मुलीला प्रेमाने जवळ बसवून घेतलं आणि मला विचारलं, "तुमच्या घरामागच्या आडाला पायऱ्या आहेत का?" मी म्हणालो, "नाहीत. का बरं?" तेव्हा त्या क्षणभर खिन्न झाल्या आणि म्हणाल्या, "हरकत नाही, मी बांधून घेईन." आमची सौ. घाबरली. लग्नाआधीच यांनी आमच्या घराचं बांधकाम काढलं, असा तिचा समज झाला. पुढे दुसरा भाग छापून आला तेव्हा कळलं, की आमच्या आडाला भक्कम दगडी पायऱ्या झाल्या आहेत आणि खाली एक सात सुळ्यांची हडळ राहायला आली आहे. तिसऱ्या भागात तर मीच आलो. पत्रावर शिक्के मारत बसलेलं, दर वाक्याला "उद्या या" म्हणणारं, अंगाने स्थूल असं एक भूत. फुफाट्याने त्याला एका फुंकरीत उडवलं. मी नाराजी बोलून दाखवली तर म्हणाल्या, "व्याही, तुम्हाला वीरमरण दिलंय मी." मी पुन्हा वाचून पाहिलं. भूत त्या वेळी घोरत होतं.

लिखाणात वैद्यकीय चूक त्यांना खपत नाही. त्यांच्या कुठल्याही राक्षसाचा डोळा कसा आहे, शेपटी आहे की नाही, हे तुम्हाला कळणार नाही. पण वरच्या जबड्यातली कितवी दाढ किडली आहे हे पक्कं कळेल. रक्तपिपासूंवर त्यांचा विशेष राग. "एवढे लांब सुळे असले तर तोंड मिटेल कसं? आणि तोंड मिटत नसेल तर माणूस नीट बोलेल कसा? आणि ही पात्रं पानपानभर भाषणं करतात!" असं त्या तळमळीने सांगतात, आणि ऐकणाऱ्याला आपणच ते सुळे लावून फिरत होतो असं वाटून ओशाळायला होतं. त्यांच्या कादंबरीत पाण्याची एक देवी आहे. ती पाळीप्रमाणे दिवसाआड येते, आणि येते तेव्हा सगळं शहर घागरी घेऊन उभं असतं. पुण्याच्या प्रकाशकाला ही कल्पना फारच अद्भुत वाटली. सोलापूरच्या वाचकांनी त्या प्रकरणाला वास्तववादी म्हणून नावाजलं. याच प्रकाशकाने एकदा, कथा पुण्यात नेता येईल का, असं भीत भीत विचारलं होतं. विहीणबाई म्हणाल्या, "नेली असती हो. पण राक्षसाला उभं राहायला जागा कुठाय तुमच्याकडे?"

कथानक मात्र त्या एकट्या ठरवत नाहीत. लोकशाही पद्धतीने ठरवतात. खुर्चीत रुग्ण आडवा, तोंडात कापूस, नळी, आरसा आणि विहीणबाईंची दोन बोटं. अशा वेळी त्या विचारतात, "मग? पाठवू का सईला त्या भुयारात?" रुग्ण म्हणतो, "आँ." विहीणबाई म्हणतात, "मलाही तसंच वाटलं." अख्खी मालिका अशी शहराच्या सहमतीने उभी राहिली आहे. आणि ज्या गोष्टी बोटांनी ठरत नाहीत त्या पायांनी ठरवतात. किल्ल्याच्या दारापासून तळ्यापर्यंत सई फुफाट्याच्या आधी पोहोचेल का, हे पाहण्यासाठी एकदा त्यांनी मला भर उन्हात किल्ल्यापाशी बोलावून घेतलं. "व्याही, तुम्ही फुफाट्या व्हा. मी सई." असं म्हणून साडीचा पदर खोचून, छत्री उघडून त्या पळत सुटल्या. मागून मी. रस्त्यावरच्या एका रिक्षावाल्याने रिक्षा हळू करून माझ्या बरोबरीने आणली आणि कळवळून विचारलं, "क्या हुआ चाचा? पर्स ले के भागी क्या?" मला दम लागला होता, खुलासा करता आला नाही. विहीणबाई तळ्याशी आधी पोहोचल्या आणि सई वाचली. मला मात्र गुडघ्याला पट्टा घ्यावा लागला.

मग शेवटचा भाग आला. म्हणजे यायचा होता. मालिका या भागात संपणार, असं विहीणबाईंनी जाहीर केलं आणि शहरातल्या मुलांच्या दातांचं आरोग्य एकाएकी सुधारू लागलं. ज्यांच्या आईबापांनी वर्षानुवर्षं विनवण्या केल्या होत्या ती मुलं आपण होऊन दात तपासायला येऊ लागली. खुर्चीत बसायच्या आधीच विचारायची, "डॉक्टर, शेवटी मरणार कोण?" विहीणबाई म्हणायच्या, "आ कर."

शेवट त्यांनी पहिल्यांदा मला सांगितला. दुपारची वेळ, दवाखान्यात कुणी नाही, आम्ही दोघं चहा घेत बसलो होतो. फुफाट्या मरतो. स्टेशनवर, रुळांच्या पलीकडे, एक दार उघडतं. त्यातून सईला हवं तिथे जाता येणार असतं. मोठी शहरं, समुद्र, सगळं. सई दारापर्यंत जाते, मागे वळून पाहते आणि परत येते. शहराची राखणदार म्हणून कायमची सोलापुरात राहते. "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं. मला फारच आवडलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्यांच्याही आलं. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी, दोघंही लग्न झाल्या झाल्या नोकरीसाठी पुण्याला गेली होती. सणाला यायची, जाताना शेंगाची चटणी न्यायची. ती गेली तेव्हा आम्ही दोघांनीही, मुलांनी पुढे गेलंच पाहिजे, अशी भाषणं केली होती. आता पोटची मुलं ऐकत नाहीत म्हणून दोन म्हाताऱ्यांनी एका कागदावरच्या पोरीला गावात डांबून ठेवलं आहे, हे त्या दुपारी दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

ते लावण्याच्या लक्षात आलं. लावण्या ही विहीणबाईंची पहिली वाचक. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या तेलुगू घरातली मुलगी. दातांना तारा लावून घ्यायला आली तेव्हा शाळकरी होती, आणि तोंड उघडं ठेवून कंटाळू नये म्हणून विहीणबाईंनी तिला पहिल्या भागाची कच्ची छपाई वाचायला दिली होती. तेव्हापासून प्रत्येक भाग आधी तिने वाचायचा असा नेमच झाला. यंदा तिला पुण्याच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तारा काढून घ्यायला ती आली, शेवटच्या भागाची छपाई घरी घेऊन गेली आणि दोन-तीन दिवसांत परत आली. मी तिथेच होतो, गुडघ्याचं दुखणं दाताच्या डॉक्टरला सांगत.

"झालं वाचून?" विहीणबाईंनी विचारलं.

"झालं की. लई भारी आहे. फुफाट्या मरतो तिथं मी रडले." मग ती थोडी घुटमळली. "पण डॉक्टर, सईला बांधून का ठेवलाव?"

"बांधून? अगं, ती स्वतः परत येते."

"ती कुठं येते? तुम्ही आणलाव तिला." लावण्या एकदम मोठ्याने बोलली आणि स्वतःच दचकली. मग आवाज उतरवून आईविषयी सांगू लागली, "माझ्या अव्वा महिनाभर रडलालेत. म्हणतात, जाऊ नको, हितंच काहीतरी बघ. मलाबी रडू येतंय. म्हणून काय मी गाव सोडून पळालालेय का? शिकायला जालालेय. सई गेली असती तर मी पुस्तक अव्वांना दाखवले असते. वाचा म्हणले असते. आता कशी दाखवू? त्या म्हणणार, बघ, पुस्तकातली पोरगीबी ऱ्हायली."

विहीणबाईंनी छपाईचे कागद घेतले, जुळवले, ड्रॉवरमध्ये ठेवले. लावण्या गेल्यावर मला म्हणाल्या, "पोरीला अजून साहित्य कळत नाही." मी मान डोलावली. पण त्यांनी लगेच आत जाऊन हात धुतले, आणि ते बराच वेळ धूत राहिल्या.

त्यानंतर खुर्चीत येईल त्याला एकच प्रश्न सुरू झाला. एकदा माझ्यादेखत चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगारांची बस चालवणारे एक गृहस्थ दाढ भरून घ्यायला आले होते. विहीणबाईंनी सगळी सामग्री त्यांच्या तोंडात ठेवून विचारलं, "मुलगी गावात राहू दे की जाऊ दे?" ते म्हणाले, "आँ." आणि आयुष्यात पहिल्यांदा विहीणबाईंनी तोंडातला कापूस, नळी, आरसा, बोटं सगळं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "नीट सांगा."

त्या माणसाने चूळ भरली. "कुणाची मुलगी, डॉक्टर?"

"समजा, तुमची."

"माझी गेली की. हैदराबादला हाय. जायच्या दिवशी मी ड्युटी बदलून घेतली न्हाय. म्हटलं, आपण समोर उभं ऱ्हायलो तर तिचं पाय निघायचं न्हाईत. रोज शंभर मानसं ने-आण करतोय, पण पोरीला सोडायला गेलो न्हाय." मग गालाला बोट लावून पाहत त्यांनी विचारलं, "करायचं का आता पुढं? बधीर झालेलं उतरायला लागलंय."

विहीणबाईंनी शेवट बदलला. दवाखाना दोन दिवस बंद ठेवून बदलला. नव्या शेवटात रुळांपलीकडचं दार वगैरे काही नाही. सई सकाळच्या साध्या गाडीने पुण्याला जाते. खिडकीची जागाही मिळत नाही तिला. शहर राखायला कुणी उरत नाही, आणि शहर आपलं आपण राहतं.

पुस्तक आलं. छोट्याशा सभागृहात प्रकाशन झालं, मुलांनी खुर्च्या सोडून जमिनीवर बैठक मारली. पहिली प्रत लावण्याच्या आईने घेतली. त्यांनी स्टेजवर सोडाच, खाली उतरल्यावरही ती उघडून पाहिली नाही. नुसती छातीशी धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात लावण्या पुण्याला गेली. वाचकांची मतं अपेक्षेप्रमाणे दोन झाली. गावात असलेल्या मुलांना शेवट फार आवडला. गाव सोडून गेलेल्यांना अजिबात आवडला नाही. सगळ्यात तीव्र प्रतिक्रिया पुण्याहून, विहीणबाईंच्या स्वतःच्या मुलाची आली. फोन स्पीकरवर होता आणि मी समोर होतो. माझा जावई तसा शांत माणूस, पण त्याने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"आई, तू तिला जाऊ का दिलंस? सई तरी तिथं राहायला पाहिजे होती."

"का रे?"

"म्हणजे... कुणीतरी असायला नको का तिथं?"

"मग तू ये की," विहीणबाई म्हणाल्या.

पलीकडे रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. मग तो म्हणाला, "दिवाळीला येतो." विहीणबाई म्हणाल्या, "ये. आणि येताना अक्कलदाढेचा एक्स-रे घेऊन ये, मागच्या वेळी मला ती बरी दिसली नव्हती."

हल्ली विहीणबाई लिहीत नाहीत. दवाखाना चालतो, रुग्ण खुर्चीत आडवे होतात, त्यांचे दात नीट होतात आणि राक्षसांविषयी काहीही न कळता ते घरी जातात. पुष्कळांना चुकल्यासारखं होतं, असं ऐकतो. त्यांच्याविषयीच्या माझ्या तक्रारीही आता संपत आल्या आहेत आणि त्याचं मला बरं वाटायला हवं, पण वाटत नाही. परवा दुपारी सहज गेलो होतो. बाहेर वारा सुटला होता, रस्ताभर धूळ उठली होती. विहीणबाई खिडकीची काच ओढून घेत होत्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सईचं पुढे काय झालं हो? पुण्यातच राहिली की आणखी कुठे?"

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "गेली ती. आता थोडीच मला सांगणार आहे."

त्यांनी काच घट्ट लावली, पडदा सारखा केला, चहाचे कप उचलले आणि दारापाशी जाऊन थांबल्या.

"जेवत असेल ना हो वेळेवर?"

"असेल की," मी म्हणालो.