गणूतात्यांचा नारळ

पोलादपूरजवळ कापडे गावाच्या वरच्या अंगाला जी वाडी आहे, तिथली समीक्षा दिवसा अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढते आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की ब्लॉग लिहिते. ब्लॉग म्हटलं की आता लोक विचारतात, तो अजून असतो का? असतो. निदान हिचा तरी आहे. नाव ‘वाडीची खुशाली’.

पोलादपुरात नेट कॅफे निघालं तेव्हा ती नवी नवरी होती. टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि वाडीतली निम्मी घरं कुलूप लावून मुंबईला गेलेली. बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी पायाशी ठेवून ती कॅफेत बसायची आणि वाडीची खबर लिहायची. कोणाची गाय व्याली, कोणाच्या लावणीला माणसं मिळाली नाहीत, विहिरीला पाणी किती, देवळावरचा पत्रा वाऱ्यानं कुठे जाऊन पडला. खाली कमेंटांची नुसती पंगत बसायची. विक्रोळीहून, नालासोपाऱ्याहून, एक तर थेट मस्कतहून. “वहिनी, आमच्या दारातल्या चाफ्याला फुलं आली का बघा.” वहिनी जाऊन बघायची आणि पुढच्या आठवड्यात लिहायची, आली.

त्या कमेंटांत गाऱ्हाणीही यायची. शिमग्याला सोमजाईची पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर बसली की ज्यांना मुंबईहून येणं जमलं नाही त्यांच्या नावानं वाडीतलं कोणीतरी नारळ धरून उभं राहतं. चंदू गुरव त्या माणसाचं नाव घेऊन आईपुढे गाऱ्हाणं घालतो. मात्र माणूस वारला की त्याच्या नावाचा नारळ धरत नाहीत. जित्या माणसाचाच नारळ. समीक्षा कमेंटा वाचून ध्यानात ठेवायची, याच्या मुलीची दहावी, त्याच्या बायकोचं ऑपरेशन, आणि एकेक नारळ उचलून चंदूच्या कानात सांगायची. एका वर्षी इतके नारळ झाले की चंदू म्हणाला, “वहिनी, आईला जरा दम घेऊ द्या.”

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि ‘सोमजाई प्रसन्न’ नावाचा ग्रुप निघाला. पालखी घरबसल्या व्हिडिओत दिसू लागली. गाऱ्हाण्याच्या जागी जोडलेले हात येऊ लागले. सकाळी हात, संध्याकाळी हात, वाढदिवसाला हात. ब्लॉगवरची पंगत उठली. समीक्षाचा नवरा भरत महाडला एमआयडीसीत कामाला. तो म्हणायचा, “अगो, कोण वाचतो ते? ग्रुपवर टाक ना.”

“ग्रुपवर माझ्या खबरीवर चार गुड मॉर्निंग येऊन बसतात,” ती म्हणायची. “आणि एक जण वाचतो.”

तो एक म्हणजे गणूतात्या. वाडीतल्या रामजीचा थोरला भाऊ. समीक्षा लग्न होऊन यायच्या आधीच तो रुसून गेला होता. घराच्या मानाचा पालखीचा पुढचा खांदा थोरल्याचा. एका शिमग्याला गणूतात्याची गाडी घाटात अडकली, तो पोचायच्या आत रामजीनं खांदा दिला. तात्या सहाणेवर आला, बघितलं, “तुझा खांदा तुलाच लखलाभ,” म्हणाला आणि आल्या पावली परत गेला. फोन नाही, पत्ता नाही, ग्रुपमध्ये तर नाहीच. पण ब्लॉगवर दर खबरीखाली त्याचा एकच शब्द असायचा: “पोचलं.” दर शिमग्याला समीक्षा त्याच्या नावानं नारळ धरायची आणि रामजी तेवढा वेळ ढोलवाल्यांकडे बघत राहायचा.

गणपती झाले आणि “पोचलं” यायचं थांबलं. समीक्षानं दिवाळीचं लिहिलं, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं लिहिलं, रामजी गुडघ्यांसाठी महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बुडून आला तेही मुद्दाम लिहिलं. काही नाही. वय झालेला माणूस. माघ संपला. शिमगा तोंडावर. नारळ धरायचा की नाही? माणूस गेला असेल आणि आपण आईपुढे त्याला सुखी ठेव म्हणायचं, हे तिला सोसेना. आणि तो जिता असून नारळ नाही धरला, तर वाडीत त्याचं नाव घेणारं दुसरं होतंच कोण.

शेवटी तिनं ग्रुपवर विचारायचं ठरवलं. लोकांना ओळख पटावी म्हणून कमेंटीशेजारी दिसायचा तो तात्याचा फोटो घेतला. स्टुडिओतला, मागे निळा पडदा, कपाळाला टिळा. खाली लिहिलं, “आपल्या वाडीचे गणूतात्या. कोणाला काही खबर असल्यास कळवावे.” आणि ती दळण आणायला गेली.

तिथेच चुकलं. म्हाताऱ्याचा फोटो ग्रुपवर आला की खालचं कोणी वाचत नाही. पहिल्यानं लिहिलं, “भावपूर्ण श्रद्धांजली.” दुसऱ्यानं त्याखाली तेच. कोणी फूल ठेवलं, कोणी पणती लावली. एकानं तर “मनमिळावू व्यक्तिमत्त्व हरपले” लिहिलं, ज्यानं तात्याला जन्मात बघितलं नव्हतं. समीक्षा दळण घेऊन परतली तर तात्याला साऱ्या मुंबईनं पोचवून झालं होतं.

तिनं घाईघाईनं लिहिलं, अहो, मी विचारलंय, सांगितलं नाही. त्यावर जोडलेले हात आले.

तोवर रामजीच्या सुनेनं सासऱ्याला वाचून दाखवलं होतं. रामजी उठला, मागल्या दारी गेला आणि डोक्यावरून पाणी घेतलं. देवाची पूजा सुनेनं बंद केली. भाऊबंदांच्या घरीही सुतक लागलं, आणि पालखी तर चार दिवसांवर. त्या घरांत आता ती शिरणार नव्हती. सारवलेली अंगणं, मुंबईहून निघालेली पोरं, सगळं अधांतरी.

“वहिनी, तुम्ही काय केलंत हे?” चंदू गुरव अंगणवाडीच्या दाराशी येऊन म्हणाला. “मेलाय का माणूस? नक्की सांगा. मला आईपुढं उभं राहायचंय.”

“मलाच माहीत नाही हो.”

“मग श्रद्धांजल्या कशाला?”

“त्या मी नाही घातल्या.”

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. देवापुढे बसली तर मागायचं काय हेच सुचेना. जो असेल त्याला असू दे, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नंबर अनोळखी. “मी सेजल बोलते, विरारहून. तुमचा नंबर ब्लॉगवर वरच लिहिलाय ना, तिथून घेतला. काकी, माझ्या मैत्रिणीच्या मामांनी तुमच्या ग्रुपचा फोटो पाठवला. माझे आजोबा त्यात वारलेत.”

समीक्षानं विचारलं, “आणि तसे?”

“तसे शेजारी बसून चहा पितात. द्या म्हणतायत.”

फोनवर खोकल्याचा आवाज आला, मग जाडसर बोलणं. “कोण, समीक्षा? मेलो नाय मी. पोरी, तू लिहितेस ते सगळं वाचतो. सेजलनं मला नवा मोबाईल दिलाय. त्यात ‘पोचलं’ लिहून दाबतो तर पासवर्ड मागतो. रोज मागतो. मला वाटलं, आता मला तुमच्यात घ्यायचंच नसेल.”

समीक्षा हसली आणि तिचे डोळे भरून आले. मग ती तशीच, फोन कानाला लावून, रामजीच्या घराकडे चालू लागली.

रामजी ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. समीक्षानं फोन त्याच्या पुढे धरला आणि आवाज मोठा केला. “बोला. तात्या आहेत.”

रामजीनं फोन दोन्ही हातांत धरला.  कोंबड्या अंगणात कुरकुरत होत्या.

“जिता हायस?” तो म्हणाला.

“हाय.”

“तुझ्या नावानं अंगावर पाणी घेतलं रे मी. थंड.”

“सवला जायचंस की. गुडघे पण शेकले असते.”

“तुला कोणी सांगितलं माझ्या गुडघ्यांचं?”

“ब्लॉगवर आलं व्हतं.”

रामजीनं समीक्षाकडे अशी नजर टाकली, जणू तिनं त्याचं अंथरूण चव्हाट्यावर वाळत घातलं होतं. पण ओठांच्या कडेला हसू होतं. सून आतून बाहेर आली आणि विचारू लागली, मग पूजा करू का, मग अंगण पुन्हा सारवू का. तोवर दोघे भाऊ घाटाबद्दल भांडत होते. गाडी अडकली ती पुढे ट्रक उलटला म्हणून की तात्या उशिरा निघाला म्हणून, हे इतक्या वर्षांनी ठरवायचं राहिलं होतं.

“येतोस का शिमग्याला?” रामजीनं मध्येच विचारलं.

“डॉक्टर सोडत नाय. चढ नको म्हणतो.”

“बरं,” रामजी म्हणाला. फोन परत देताना त्यानं तो धोतराला पुसून दिला.

पालखी वेळेवर आली, भाऊबंदांच्या घरोघरी नाचली आणि संध्याकाळी सहाणेवर बसली. मुंबईकरांनी मोबाईल वर धरले. नारळ यंदाही थोडेच होते. समीक्षानं तात्याचा नारळ पदराखाली घेतला होता. ती पुढे झाली तसा रामजी ढोलवाल्यांच्या बाजूनं लंगडत आला आणि हात पुढे केला. तिनं नारळ त्याला दिला.

“कोणाचा?” चंदू गुरवानं विचारलं. त्याला माहीत होतं, पण विचारायची रीत आहे.

“माझ्या थोरल्या भावाचा,” रामजी म्हणाला. “जिता हाय. चहा पितो. आणि आईला सांग, खांदा त्याचाच व्हता. मी नुसता धरला.”

चंदूनं ते सगळं तसंच्या तसं गाऱ्हाण्यात घातलं, चहासकट.

ते समीक्षानं त्याच आठवड्यात लिहून काढलं. खाली कमेंट एकही नाही. ती दिवा लावून उठत होती तर फोन वाजला. विरारहून होता.

“पोचलं,” पलीकडून आवाज आला. “आता पुढं सांग. रामजीच्या दारातला फणस धरलाय का?”

“बघून सांगते,” ती म्हणाली आणि चपला पायात घातल्या.